धुराच्या वासाचं फडकं

काल मुरुडजवळ रस्त्याकडेला कुणीतरी चूल पेटवली होती. गाडीत धुराचा वास आला आणि मला लातूरचं वसतिगृह आठवलं.

भूकंपानंतरच्या वर्षी मी अकरावीला तिथं आले. देवणीच्या एसटीनं रोज घरचा डबा यायचा, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. फडक्याला आमच्या चुलीचा वास असायचा. रिकामा डबा मी परत पाठवायची, फडकं मात्र ठेवून घ्यायची. ते उशीवर अंथरलं की झोप लागायची.

मग डबा प्लास्टिकच्या चकचकीत पिशवीत येऊ लागला. दिवाळीला घरी गेले तेव्हा भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "पिशवी बरी हाय ना? फडकी माघारी येईनात, तवाच समजलं मला. पोरींत लाज वाटत आसंल, धुरकट वासाची."

खरं सांगताना रडू फुटलं असतं आणि तिनं मला परत जाऊच दिलं नसतं. मी म्हणाले, "लई चांगली हाय पिशवी."

आई गेल्यावर एकदा वडील सहज बोलले, "तुझा डबा ती अंगणात बसून भरायची. थंडीतबी. धुराचा वास लागू नये म्हनून."