अडीच सेंटिमीटर आले कुठून?

"काका, खुर्ची नापास झाली की वो!"

व्हिडिओ कॉलवर महानंदा होती. लोहाऱ्याकडची पोरगी, दिव्यांगांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताच्या टीमकडून गोळाफेक करायला परदेशात गेलेली. मी जळकोटला, हायवेलगतच्या माझ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात. माझा धंदा ट्रॉल्यांचा आणि गेटांचा, पण तिची खुर्ची माझ्याच हातची.

ही खुर्ची निवांत बसायची नव्हे. लोखंडी फ्रेम, वर सीट, बाजूला धरायला उभा दांडा. महानंदाचे पाय पोलिओनं गेलेले. ते पट्ट्यांनी बांधायचे, एका हातानं दांडा धरायचा आणि दुसऱ्यानं गोळा फेकायचा. जितकं उंच बसाल तितका गोळा लांब जातो, म्हणून नियम आहे: गादीसकट सीटची उंची पंचाहत्तर सेंटिमीटरच्या वर नको. मी साडेचौऱ्याहत्तर ठेवली होती.

"किती भरली?"

"सत्त्याहत्तर."

"टेप खोटी असंल त्यांची."

कोच सरांनी फोन घेतला. "तीनदा मोजलंय. अर्ध्या तासात इव्हेंट आहे. आपल्या टीमचे दोघं चौथे आले, अजून एकही पदक नाही. फ्रेम पास झाली नाही तर हीसुद्धा बाहेर. खुर्चीचे पाय कापून घेऊ का?"

"थांबा सर! कापलेलं परत वाढत न्हाय."

घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठा किडा डोक्यात वळवळत होता: लोखंड वाढलं कसं? उन्हानं वाढतं म्हणावं, तर अडीच फुटाच्या खुर्चीत ती वाढ केसाएवढीही भरत नाही. पायांखाली काही आलं का? जमीन साफ होती. सीटचे बोल्ट ढिले? घट्ट होते.

"सर, फोन खालून वर हळूहळू फिरवा."

पाय माझे, जोड माझे, वेल्डिंग माझं. फोन सीटवर पोचला आणि लालभडक, टम्म फुगलेली गादी दिसली. मी माप घेतलं तेव्हा निळी होती, बसून बसून भाकरीसारखी चपटी झालेली.

"महानंदा, ही कुठली गं?"

ती ओशाळली. "आईनं शिवली. परदेशात फाटकी कशी न्यायची, म्हणली. कापूस लई भरलाय."

"आणि जुनी?"

"घरी."

"मग गादीच काढून टाकू," सर म्हणाले.

"न्हाय जमत सर. उघड्या पत्र्यावर घसरते मी. जोर कुठनं लावू?"

"एका बाजूची शिवण उसव," मी म्हणालो. "कापूस काढ."

तिनं गादीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "आईच्या हातची हाय, काका."

"आईनं ती कशापायी शिवली? तू गोळा टाकावा म्हणूनच ना? उसव."

टीमच्या फिजिओनं कात्री दिली. महानंदानं स्वतःच्या हातानं टाके उसवले आणि मूठमूठ कापूस काढून पिशवीत ठेवला. फेकू दिला नाही. उसवलेल्या बाजूला चिकटपट्टी लावली. पंचांनी पुन्हा टेप लावली. पंचाहत्तरला दोन मिलिमीटर कमी.

पुढचं मी फोनवरच पाहिलं. पाचव्या फेकीला गोळा असा गेला, की सराव करतानाही तिचा तेवढा लांब कधी गेला नव्हता. ब्राँझ! टीमचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक. मी इतक्या जोरात ओरडलो, की शेजारचा टायरवाला पान्हा घेऊन धावत आला. डोळे भरून आले होते. वेल्डिंगचा धूर गेला म्हणून सांगितलं.

चूक तशी माझीच. गादी बदलू नका, हे मी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, माप चुकलं तर लोखंडाचंच चुकेल.

महानंदा परतल्यावर पेढे घेऊन मी तिच्या घरी गेलो. आई अंगणात बसली होती. मांडीवर लाल गादी, शेजारी कापसाची पिशवी.

"विमानात बसून पार चपटी झाली म्हणं वो पोरीची गादी," ती म्हणाली आणि मूठभर कापूस आत कोंबला.

आता दर वेळी टीम निघायच्या आदल्या दिवशी मी टेप घेऊन लोहाऱ्याला जातो. माप आईसमोरच घेतो.