कोपऱ्यातलं बटण

डहाणू रोडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. तळासरीकडच्या पाड्यावरून यायची. नाव मी कधी विचारलं नाही. नव्या सिस्टीममधून 'स्टार्ट'चं बटण काढून टाकलं होतं, तरी तिच्या माऊसचा बाण आधी डाव्या कोपऱ्यात जाऊन घुटमळायचा. पुढच्या सिस्टीममध्ये ते परत येणार, अशी क्लासात चर्चा चालायची. कुणी म्हणे गोल असेल, कुणी म्हणे मधोमध.

"गेलंय कुठे?" ती एकदा म्हणाली. "आमच्याकडे दर लग्नाला जुन्या चित्रावरून भिंत सारवून नवं चित्र काढतात. आई अजून तिथे हात फिरवते. म्हणते, याच्याखाली माझ्या लग्नात काढलेला घोडा आहे."

बटण परत आलं, तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. मी बाण कोपऱ्यात नेला आणि न दाबता नुसता फिरवत राहिलो.