दर्भाचा कावळा

आईला लस घ्यायची होती. तिला न्यायला मी धारहून देवासला गाडी घेऊन गेलो, तर दादाने फाटकाला कुलूप घातलं. "तुझ्या घरात काय टोचायचं ते टोच," म्हणाला. त्याच उन्हाळ्यात आईला करोना झाला. आजारपणात ती फोनवर एकच घोकत होती, "माझं राहू दे, नातवंडांना तरी लस द्या."

दहाव्याला आम्ही क्षिप्रेच्या घाटावर होतो. पिंडाला कावळा शिवेना. दादा सगळ्यांदेखत मला म्हणाला, "तू टोचून घेतलंयस, म्हणून येत नाहीये. मागे हो." मी पार रस्त्यापर्यंत गेलो. कावळे फांदीवरून हललेच नाहीत.

मावशी रडायला लागली. "अरे, बोल दे ना एकदा, मुलांना लस देतो म्हणून! ती तेवढ्यासाठीच अडलीये."

दादाने गुरुजींकडून दर्भाचा कावळा करून घेतला, स्वतःच्या हाताने पिंडाला टेकवला आणि म्हणाला, "झालं. चला, जेवायला उशीर होतोय."

आता देवासला मी एकदाच जाणार आहे, त्याच्या दहाव्याला. दर्भ घरूनच घेऊन जाईन.