आणून सोडणारं गाव

आमच्या घराला आतून कुलूप असायचं. लोक चोराच्या भीतीनं कुलूप लावतात, मी लेकीच्या भीतीनं लावायची. घर कासुर्डीत, हायवे हाकेच्या अंतरावर, आणि पोरगी अशी की दार उघडं दिसलं की सुसाट. ऑटिझम आहे तिला. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं कानावर पडलं की कान दाबून वाट फुटेल तिकडं पळते. त्यामुळं ती कोंडलेली, आणि तिच्यापायी मीही कोंडलेली. शिरूरला माझं माहेर. चौफुल्यावरून गाडी धरली तर दुपारच्या आत पोचावं इतकं जवळ. पण आईच्या हातची भाकरी खाऊन मला वर्षं झाली होती.

पुण्यात एका विद्यापीठाचं अशा लेकरांसाठी केंद्र आहे. तिथं लेकरांना शिकवतात, आणि आयांनाही शिकवतात. तिथल्या मॅडमनी मला एकच काम लावून दिलं. पोरीला एकटीनं बाहेर जाऊन परत यायला शिकवायचं.

"तिला सगळ्यात जास्त काय आवडतं?" त्यांनी विचारलं.

"पिठाची गिरणी," मी म्हटलं.

खरंच सांगते. गाण्याला घाबरणारी पोरगी गिरणीच्या घरघरीनं शांत होते, आता बोला! गिरणी आमच्याच आळीत, कोपऱ्यावरून वळलं की, हायवेच्या उलट्या बाजूला. दळणाचा डबा न्यायचा, पीठ घेऊन परत यायचं. आधी मी हात धरून गेले, मग मागं मागं, मग लांबून. शेवटी मी उंबऱ्यातच थांबायचं, असं ठरलं होतं. तिथवर यायला महिनेच्या महिने गेले.

त्याच सुमाराला केंद्राची माणसं गावात जागृती करायला आली. आमच्या विहारात कार्यक्रम झाला. सगळी वस्ती आली, वरच्या आळीचे पाटीलही येऊन बसले. ही पोरगी वेडी नाही, बाहेरची बाधा नाही, सगळं मॅडमनी नीट समजावलं. हायवेकडं एकटी दिसली तर घरी आणून सोडा, असंही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातला हायवे कुणाच्या लक्षात राहिला नाही. आणून सोडा, एवढं मात्र पक्कं राहिलं.

पहिल्यांदा एकटी पाठवली त्या दिवशी ती कोपऱ्यावर पोचली नाही, तोच शेजारचे शेळ्यावाले आप्पा तिचं मनगट धरून दारात हजर.

"घे गं, आणली बघ! निघाली व्हती कुठं तरी."

"आप्पा, दळणाला चालली होती ती!"

"एकटी? आन् काय झालं म्हंजी?"

आता आणून सोडणाऱ्याला चहा न पाजता कसं पाठवायचं? चहा टाकला. पुढच्या खेपेला दूधवाल्यानं आणली. मग आशाताईनं, मग आणखी कुणी. प्रत्येकाच्या तोंडावर पुण्य केल्याचा आनंद, आणि प्रत्येकाला चहा. आगीतून फुफाट्यात पडले मी. तुम्ही वेडी म्हणून हसत होता तेच बरं होतं, असं एकदा माझ्या तोंडून निघूनही गेलं. पोरगी यातून काय शिकली? तर बाहेर पडलं की कुणीतरी मनगट धरतं. एके दिवशी तिनं डब्याला हातच लावला नाही. मग रोजच नाही. माझ्या महिन्यांच्या कष्टावर पाणी फिरत होतं, आणि एकदा विसरली तर ती पुन्हा शिकेल की नाही, याची काही खात्री नव्हती.

मी रडत मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, आता गावाला तुम्हीच शिकवायचं."

संध्याकाळची वंदना झाली, तशी मी विहारातला माईक हातात घेतला. "जय भीम. माझी पोरगी उद्या दळणाला जाणार हाय. हायवेकडं वळली तर धरा, उपकार व्हतील. पण गिरणीकडं चालली तर कुणी तिला हात लावायचा न्हाई. आन् चहा कुणाला मिळणार न्हाई!" भोंग्यावरून साऱ्या गावात गेलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

सकाळी डबा दारात ठेवला, कुलूप काढलं. तिनं बघितलंच नाही. तेवढ्यात लांब गिरणी सुरू झाली. ती उठली, डबा उचलला आणि निघाली.

आळीतली माणसं दारादारांत उभी होती. आप्पांनी तर हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते, न जाणो आपणहून पुढं जातील. "जा गं बाय," एवढंच पुटपुटले. ती कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

आता मी काय करायचं? दार सताड उघडं, जिला राखायचं ती आत नाही, कुलूप माझ्या हातात. चपला घातल्या आणि आळीच्या तोंडापर्यंत आले. तिथून हायवे दिसतो. चौफुल्याकडं एक एसटी चालली होती. आई गं, वाटलं, असंच बसावं आणि शिरूर गाठावं! नुसती ऊन खात उभी राहिले. इतकं मोकळं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

मागून मनगटावर गच्च पकड बसली. वळून बघते तर लेक. कडेवर पिठाचा गरम डबा, गालाला पीठ. एकटी गेली होती, एकटी आली होती! "आलीस गं बाय माझी," म्हणत मी रडायलाच लागले. तिचं लक्ष नव्हतं. आप्पा धरायचे अगदी तसंच मनगट धरून तिनं मला ओढायला सुरुवात केली. सगळ्या आळीच्या देखत घरापर्यंत आणलं, उंबऱ्याच्या आत ढकललं, दार लावलं. माझ्या हातातलं कुलूप काढून घेतलं, कडीत अडकवलं आणि दाबलं.

मग आत जाऊन चहाचं पातेलं घेऊन आली, आणि माझ्यापुढं धरून उभी राहिली.