साडूंचा स्टँडबाय कान

आमच्या साडूंइतका कर्तव्यदक्ष श्रोता नागपुरात दुसरा झालेला नाही. या विधानाला माझी पत्नी, माझी मेव्हणी आणि मेव्हणीचा पुण्यातला मुलगा अशा तिघांचा विरोध आहे. तिघांचेही म्हणणे मी शांतपणे ऐकून घेतले आहे आणि ते चूक आहे. साडूंना गाण्याचे वेड लागले आहे, असे माझी पत्नी म्हणते. वेड्याला निदान आवडनिवड असते. साडूंना तीही नाही. ते गाणी चालती ठेवतात, एवढेच.

कोराडीच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या मजल्यावर त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी बर्डीच्या बाजारातून काडेपेटीएवढा एमपीथ्री प्लेअर विकत आणला. दुकानदाराने तो हाताला येईल त्या सामग्रीने गच्च भरून दिला होता: नाट्यगीते, कव्वाल्या, छत्तीसगढी लग्नगीते, इंग्रजी बालगीते आणि गुडघेदुखीवरच्या व्यायामाच्या सूचना. दुसऱ्या कोणी नको ते काढून टाकले असते. साडूंनी सगळ्यांना कामावर घेतले. केंद्रातला जो पंप वापरात नसतो तोही ठरल्या दिवशी फिरवावा लागतो, नाहीतर ऐन गरजेच्या वेळी तो जाम होतो. हा नियम गाण्यांनाही लागू आहे, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही. त्यामुळे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक गाणे पाळीने वाजते आणि मग पुन्हा पहिले लागते. शेजाऱ्यांच्या तेरवीच्या पंगतीत, कानात वायर, त्यांचे डोके किंचित डोलताना पाहून मी हळूच विचारले, "भजन का?" ते म्हणाले, "नाही. इंग्रजी बदकाचं गाणं हाय. आज त्याची पाळी हाय." आणि त्यांनी गंभीरपणे बुंदी वाढून घेतली.

आंघोळीला जाताना ते प्लेअर असाच ठेवून देत नाहीत. केंद्रात पाळी बदलताना देतात तसा त्याचा रीतसर ताबा देतात. "चार्ज घे वं. तीनशे बारा चालू हाय, आवाज नॉर्मल, बॅटरी अर्धी." त्यावर मेव्हणी पोळपाटावरून मान वर न करता म्हणते, "ठेवा तिकडं फ्रिजवर! मले पोळ्या करू द्या." मुलाने पुण्याहून चांगला फोन पाठवला, त्यात जगातली सारी गाणी असल्याचे कळवले. साडूंनी तो दोन दिवस वापरून कपाटात ठेवला. "फोनवाला गाण्याच्या मधात जाहिरातीवाली माणसं घुसवते," एवढाच त्यांचा अभिप्राय होता.

आता वादाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. प्लेअरबरोबर आलेल्या, कानात खोचायच्या दोन बोंडुकांपैकी डावे बोंडूक साडूंनी पहिल्याच दिवशी पकडीने तोडून डबीत ठेवले. "दोन्ही मशिनी एकदम चालवाच्या नसतात. एक चालू, एक स्टँडबाय." गेली बारा वर्षे मानेवाड्याच्या रिंगरोडवर आम्ही रोज सकाळी फिरतो, ते रहदारीच्या बाजूला, मी त्यांच्या डाव्या हाताला, कडेने. उजव्या कानात गाणे. डावा कान माझ्यासाठी मोकळा. ही रचना त्यांनी माझ्याविषयीच्या आदरातून केली, असे माझे मत होते आणि ते मी घरात अनेकदा मांडले होते. उलट मेव्हणीचे म्हणणे असे, की "भाऊजी, त्यायले तुमचं काहीच आयकू येत नाही. विजेचा खांब आला का ते हूं म्हणतात." मी दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवले. हुंकार आणि खांब यांचा काही ठिकाणी मेळ बसला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण माझे मुद्देही साधारण तेवढ्याच अंतराने संपतात.

हा वाद वरवरचा नव्हता. त्या रस्त्यावर मी साडूंना जे सांगितले ते पत्नीलाही सांगितलेले नाही. उमरेडच्या माझ्या धाकट्या भावाशी माझे बोलणे का तुटले, त्यात लोक सांगतात तेवढा दोष त्याचा नव्हता, आणि तो दाराशी आला त्या दिवशी मी घरात असूनही आतून कडी काढली नाही, हे मी फक्त त्यांच्याजवळ बोललो होतो. त्यांनी ते कधीही कोणाजवळ काढले नाही. असा विश्वासू माणूस मी पाहिला नव्हता.

गेल्या महिन्यात कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलेले असताना त्यांनी डाळ जाळली. मेव्हणीने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कान खणखणीत असल्याचा कागद आणून तिच्या हातात ठेवीन, असे जाहीर करून मी बरोबर गेलो. साडूंना काचेच्या खोलीत बसवून हातात एक बटण दिले. आवाज आला की दाबायचे. उजव्या कानाच्या वेळी त्यांनी ते उत्तम दाबले. डाव्या कानाच्या वेळी ते बटणावर अंगठा ठेवून, ड्यूटीवर असल्यासारखे ताठ, वाट पाहत बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, "हा कान पंधरा वर्षांपासून तरी बंद असावा."

आमचे फिरणे बारा वर्षांचे.

रिक्षात मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो आणि बोंडूक काढायला लावले. "तुम्हाला हे ठाऊक होते?"

"हो. डावा कान कोराडीतच ठेवून आलो मी."

"मग मला सांगितले का नाही?"

"काहून सांगू, साडूभाऊ? तुम्ही मोठ्यानं बोलले असते. सकाळच्या पारी सगळ्या रिंगरोडनं आयकलं असतं."

"म्हणजे बारा वर्षांत तुम्ही काहीच ऐकले नाही?"

त्यांनी थोडा विचार केला. "तुम्ही बोलून राहिले होते, मी चालून राहिलो होतो. रोज एखाद्या जागी तुमचा हलता हात थांबे. तिथं मी पाय हळू टाकत होतो."

घरी तो कागद मेव्हणीच्या हाती पडला, आणि त्यावर तिने काय काय म्हटले ते येथे देण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी मी फिरायला जाणार नव्हतो. साडू नेहमीच्या वेळी फाटकाशी येऊन उभे राहिले, म्हणून गेलो. रिंगरोडला लागताच त्यांनी माझे मनगट धरून मला रस्त्यापलीकडे नेले. त्या बाजूने चालले की मी कडेलाच राहतो, रहदारी त्यांच्याच अंगावर येते, पण त्यांचा उजवा कान माझ्याकडे होतो. मग त्यांनी खिशातून प्लेअर काढला, बटण दाबले आणि बोंडूक डाव्या, बंद कानात खोचले. गाण्यांची पाळी चुकवायची नव्हती.

"हं," ते म्हणाले, "आता पयल्यापासून सांगा, साडूभाऊ."

मी नोकरीपासून सुरुवात केली. तिथे माझ्यावर झालेला अन्याय नेहमी तीन चौकांचा असतो, तो एका चौकातच आटोपला. पुढे भावाचा विषय आला आणि माझा हात हवेतच थांबला. समोरून विजेचे खांब एकेक करून येत गेले. साडू एकाही खांबाला हूं म्हणाले नाहीत.