थंड कंटेनरचा कोरा नंबर

हल्ली कोड चुकला की मशीनच चूक दाखवतं. सोय झाली, पण खरं सांगू? मला आमची ताईच हवी.

न्हावा शेवा बंदराच्या ऑफिसात कंटेनरांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. मी कच्ची होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा भाग चालला तर पक्की, नाहीतर गाशा गुंडाळून गावी, बोर्ली पंचतनला, बाबांच्या भांड्यांच्या दुकानात. बाबा रोज दुपारी फोन करायचे, "बाय, जमतंय का?" मी खेकसायचे, "जमेल हो! सारखं काय विचारता?"

आणि तो दिवस आला तरी नेमकं जमत नव्हतं. साध्या कंटेनरच्या क्लासवरून, म्हणजे कोडमधल्या साच्यावरून, मी थंड कंटेनरचा क्लास बेतला होता. नंबर द्यायचं काम साध्याच्या कन्स्ट्रक्टरचं, म्हणजे साच्यातून कंटेनर घडवणाऱ्या कोडचं, म्हणून थंडच्या कन्स्ट्रक्टरमधून मी त्याला बोलावलं होतं. तरी पडद्यावर तापमान दिसे, नंबर कोरा. मेली एररसुद्धा येईना! कीबोर्ड आपटावासा वाटला.

ताई आमची सीनियर, थळच्या कोळीवाड्यातली. तिचा नियम एकच, अडलं की कोड मराठीत मोठ्याने सांगायचा. सगळं ऑफिस कान देऊन ऐकायचं, लाज वाटायची नुसती.

"थंड कंटेनर तयार होतो," मी सुरू केलं. "मग मी न्यू लिहून साधा कंटेनर बनवते, नंबर देते..."

"कोनाला?"

"त्या साध्याला."

"न् थंडवाल्याला?"

अरे देवा! मी बाजूला भलताच कंटेनर उभा केला होता आणि नंबर त्याला देऊन मोकळी झाले होते. न्यूची ती ओळ खोडली, कन्स्ट्रक्टरच्या पहिल्याच ओळीत सुपर, म्हणजे मूळ साच्याला हाक मारणारा शब्द, लिहून नंबर त्याच्या हाती दिला. आता थंड कंटेनरमधला साधा भाग आधी घडला आणि नंबर झळकला. ताईने पाठीत असा धपाटा घातला की चष्मा खाली आला. काय दिवस होते ते!

साहेबांनी हो म्हटल्याबरोबर मी घरी फोन लावला. "बाबा, पक्की झाले!"

पलीकडे बाजाराचा गलबला होता. त्यातून बाबा म्हणाले, "छान झालं हो. आता दुकानात बसायला माणूस बघतो. इतके दिवस कोणाला ठेवलंच नव्हतं."

म्हणजे मी रोज "जमेल" म्हणून ओरडत होते, आणि त्यांना ऐकायचं होतं, 'बाबा, मी घरी येते.' तरी एकदाही बोलले नाहीत. मी जिन्यात बसून ढसाढसा रडले.