शालिकचं खातं कोणी पुसलं?

मंगळवार, सात तारीख, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवरून शालिकचं खातं पुसण्यात आलं.

शालिकला जाऊन आज एक वर्ष झालं. तो हृदयविकाराने गेला, त्याचा राग मी कोणावर काढू?

खातं मात्र एका कमांडने गेलं. ती कमांड माणसाने दिली.

ज्यांना शालिक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होते. तो कागदोपत्री प्रयोगशाळा परिचर, प्रत्यक्षात सगळा सर्व्हर त्याच्या हातात. घरची भाजीपाल्याची शेती. सकाळी देवळीच्या बाजारात वांगी-मेथी उतरवून कॉलेजात यायचा. त्याच्या कीबोर्डला सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास असे.

मी कॉन्व्हेंटची. इंग्रजी माझं, अक्कल त्याची.

"मॅडम, हे वाचा बरं."

मी मॅन्युअल मोठ्याने वाचायची, अर्थ तो सांगायचा. फाइली एकीकडून दुसरीकडे नेणाऱ्या rsync कमांडचं पान वाचताना dry run आलं. मी म्हटलं, "कोरडं धावणं? म्हणजे काय?"

"पानी सोडाच्या आधी आपन पाट फिरून पाह्यतो ना जी, कुठी फुटला काय? तेच हाय हे."

तेव्हापासून -n, म्हणजे ते कोरडं धावणं, लावून पाहिल्याशिवाय मी एक फाइल हलवलेली नाही.

माझा पराक्रमही सांगून टाकते. जुन्या याद्या rm ने, म्हणजे पुसायच्या कमांडने, काढून टाकायच्या होत्या. rm old* लिहायचं, तर मी rm old * लिहिलं. टायपिंगच्या वर्गात सिस्टरांनी शिकवलं होतं, शब्द संपला की स्पेस. सुटा * म्हणजे सगळंच; त्या एका स्पेसने फोल्डरमधलं सगळं गेलं.

मी दिसेल ती कळ दाबत सुटले. शालिक म्हणाला, "काऊन घाबरता? हात काढा कीबोर्डवरून. कालचा बॅकअप हाय."

अर्ध्या तासात सगळं परत आलं. मग विचारतो, "हे स्पेस कोनं शिकवलं तुमाले?"

"सिस्टरांनी. नागपूरला."

"मंग चूक त्यायची हाय. तुमची नाई."

त्या दिवसापासून नियम झाला. जे rm करायचं ते आधी ls करून डोळ्यांनी पाहायचं, नावं वाचायची, मगच पुढे.

असं सगळं तो एका फाइलीत लिहून ठेवायचा. त्याच्या बोलीत. "डिस्क भरली त घाबरू नका, आधी df -h पाहा. मंग du -sh लावून कोन फुगला ते पाहा." "बॅकअप घेतला म्हंजे काम झालं नाई. उघडून पाहा." मी त्यातलं शुद्धलेखन सुधारायला गेले तर म्हणाला, "राहू द्या मॅडम, मले समजते ना."

मी रिटायर झाले तेव्हा त्याने एक स्क्रिप्ट लावली. ग्रंथालयाच्या कॅटलॉगचा बॅकअप झाला की रोज सकाळी सहाला मला मेल यायचा. "मॅडम, कॅटलॉग ठेवला. उघडून पाह्यला, बराबर हाय."

तो गेल्यावरही मेल येत राहिला. स्क्रिप्ट आहे हे मला कळत होतं. तरी मी रोज चहाचा कप हातात घेऊन "बरं" म्हणायची.

परवाच्या बुधवारी मेल आला नाही.

गुरुवारी मी कॉलेजात जाऊन उभी राहिले. आता सर्व्हर सांभाळणाऱ्या नव्या एजन्सीचे गृहस्थ नम्र होते.

"मॅडम, जे एक्सपायर झाले त्यांचं अकाउंट आम्ही ठेवत नाही. पॉलिसी आहे."

"एक्सपायर दूध होतं. शालिक वारला."

"सॉरी मॅडम."

"त्याच्या नावावर crontab मध्ये रोजची कोणती कामं आपोआप चालू होती, पाहिलंत?"

"नाही."

"फोल्डरमध्ये काय आहे ते तरी?"

"डिलीटच करायचं होतं ना मॅडम. त्यात पाहायचं काय?"

मी history काढायला लावली. तिथे प्रत्येक कमांडची वेळ दिसते, ती सोय शालिकचीच. userdel -r shalik. ते -r म्हणजे माणसाच्या खात्याबरोबर त्याचं सगळं फोल्डर.

कॅटलॉग दुसऱ्या मशीनवर सुखरूप आहे, tar -tzf लावून गठ्ठ्यातली यादी मी स्वतः पाहिली. शालिकची फाइल मात्र त्याच फोल्डरमध्ये होती.

तुमच्यापैकी जे शाळेत, सोसायटीत, दवाखान्यात सर्व्हर सांभाळता त्यांनी लक्षात ठेवा. माणूस गेला की आधी passwd -l ने खात्याला कुलूप लावा. crontab -l -u ने त्याची चालू कामं पाहा. फोल्डरचा tar, म्हणजे एक गठ्ठा, करून बाजूला ठेवा. पुसायचं ते सगळ्यात शेवटी. घरातलं कपाटसुद्धा आपण तेरवीनंतर उघडतो.

आज वर्षश्राद्धाला गेले होते. ती फाइल छापून आणीन, असा शब्द मी सुनंदाला, त्याच्या बायकोला, दिला होता. पंगत उठल्यावर तिने हळूच विचारलं, "मॅडम, आनले काय जी ते कागद? पोरीले वाचून दाखवाचे होते. बाप कसा बोले ते."

मी "अजून नाही" म्हटलं. पुसले गेले, असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

शालिक, तू फार चांगला गुरू होतास. तुला माझा नमस्कार.

आता एजन्सीला आणि प्राचार्यांना. काम हातात घेताना तुम्ही डिस्कची पूर्ण कॉपी घेतली होती, असं ते गृहस्थ "बहुतेक" म्हणाले. मला बहुतेक चालत नाही. कॉपी आहे की नाही, आणि असेल तर शालिकची फाइल कधी देता, एवढंच लिहून द्या.

पुसलेली फाइल तिच्या जागेवर काही नवं लिहिलं जाईपर्यंत डिस्कवरच असते. म्हणून गुरुवारी मी ते मशीन बंद करायला लावलं. माझ्या अक्षरातला कागद त्यावर चिकटवलेला आहे. ग्रंथालय चार दिवस रजिस्टरवर चालेल. उत्तर मिळेपर्यंत त्या बटणाला कोणी हात लावायचा नाही.

बुधवार, पंधरा तारीख, संध्याकाळी पाचच्या आत. लेखी, सही-शिक्क्यासह.